खेळाडूच्या पलीकडील क्रीडाक्षेत्र : मावळातील वाटा

लोणावळ्याहून पुण्याकडे निघालेली लोकल गाडी मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव अशी स्थानके घेत देहूरोडला पोहोचते, तेव्हा तिने मावळ तालुक्याची जवळजवळ सारी लांबी ओलांडलेली असते. अंतर सुमारे ४० किलोमीटरचे. या लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना क्रीडाक्षेत्राच्या दृष्टीने पाहिले, तर लोणावळ्यास योगाचे शास्त्रीय संशोधन करणारी शंभर वर्षांची संस्था आहे. मळवलीजवळ लोहगड-विसापूरची दुर्गजोडी आहे. कामशेतच्या टेकड्यांवरून पॅराग्लायडिंगची उड्डाणे होतात. आणि तालुक्याच्या पूर्वेकडील टोकाला गहुंजे येथे आंतरराष्ट्रीय सामन्यांचे क्रिकेट मैदान आहे. एकाच तालुक्यात इतके वैविध्य क्वचितच आढळते. तथापि याच तालुक्यातील एखाद्या माध्यमिक शाळेत ‘खेळात पुढे काय?’ असे विचारले, तर उत्तर बहुधा एकच मिळते : मोठा खेळाडू व्हायचे, आणि ते जमले नाही, तर खेळ सोडून मिळेल ती नोकरी धरायची.

या उत्तरात एक साधा हिशेब विसरला जातो. कबड्डीच्या संघात मैदानावर सात आणि राखीव पाच असे बारा खेळाडू असतात. राज्याच्या संघातही तेवढेच. गावागावांतून खेळणाऱ्या शेकडो मुलांपैकी त्या बारांत किती जणांचा समावेश होणार, हे सांगण्यास गणिताचा शिक्षक लागत नाही. जे तेथवर पोहोचतात, त्यांचीही मैदानावरील वर्षे मोजकीच असतात. गुडघा किंवा खांदा एकदा दुखावला की पंचविशीतला तरुण ‘माजी खेळाडू’ होतो, आणि त्या वेळी त्याच्या हाती दुसरे कोणतेही शिक्षण नसते. शासकीय सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षणाची तरतूद आहे व तिचा लाभ अनेकांना झाला आहे. परंतु ठरलेल्या स्तरावरील स्पर्धेत ठरलेले स्थान मिळविल्याशिवाय ते दार उघडत नाही. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे कऱ्हाड तालुक्यातील खाशाबा जाधव यांनाही पुढे पोलीस खात्यातील नोकरीवरच संसार चालवावा लागला. पदक आणि उपजीविका या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या काळीही खरे होते.

खेळाडू मैदानावर उतरण्यासाठी त्याच्या मागे अनेकांचे ज्ञान व श्रम उभे असतात. ही माणसे कोण, ती काय शिकलेली असतात आणि मावळातील मुलामुलींना त्या शिक्षणापर्यंत कसे पोहोचता येईल, याचा विचार येथे केला आहे. त्यासाठी त्याच लोहमार्गाने जाणे सोयीचे ठरेल.

लोणावळा : शरीराचा अभ्यास

स्वामी कुवलयानंद यांचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्यास प्रोफेसर माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत त्यांनी भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. पुढे अमळनेर येथे ते राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. त्यांनी काही स्पर्धा जिंकल्या म्हणून त्यांचे नाव राहिलेले नाही. उड्डियान आणि नौली करताना शरीराच्या आतील दाबात काय फरक पडतो, हे त्यांनी दाबमापक यंत्र लावून आणि क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासले. शरीराच्या पोकळीत बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब निर्माण होतो, असे त्यांना आढळले आणि आपले गुरू माधवदासजी यांच्या नावावरून त्यांनी त्यास ‘माधवदास निर्वात’ असे संबोधिले. श्रद्धेचा विषय प्रयोगशाळेत नेण्याचे हे धाडस त्या काळी लहान नव्हते.

शिक्षकांच्या दृष्टीने त्यांच्या कार्याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या शासनाने शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. त्यानंतरच्या वर्षी कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी शासकीय प्रशिक्षण संस्था सुरू झाली. शाळेतील ‘ड्रिल मास्तर’ हा तोवर बहुधा लष्करातून निवृत्त झालेला शिपाई असे. त्याच्या जागी शरीरशास्त्र, आरोग्य व अध्यापन यांचे शिक्षण घेतलेला शिक्षक यावा, ही कल्पना या काळात रुजली. आज शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन शाळेत रुजू होणारा प्रत्येक तरुण या परंपरेचा वारस आहे, मग त्याला कुवलयानंदांचे नाव ठाऊक असो वा नसो.

लोणावळ्याच्या या संस्थेत पन्नाशीच्या दशकाच्या आरंभापासून योगाचे महाविद्यालयही चालते. देशापरदेशांतून विद्यार्थी तेथे येतात. मावळातील किती विद्यार्थी येतात, हा प्रश्न तालुक्यातील शिक्षकांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे. योगशिक्षकांच्या प्रमाणीकरणासाठी केंद्र शासनाच्या आयुष मंत्रालयाने २०१८ मध्ये योग प्रमाणन मंडळाची व्यवस्था केली. डिसेंबर २०२० मध्ये योगासनास स्पर्धात्मक खेळ म्हणून मान्यता मिळाली. खेळ म्हटला की परीक्षक, गुणलेखक, मार्गदर्शक व व्यवस्थापक ओघानेच येतात. आणि आसनाची अचूकता जोखणारा परीक्षक घडविण्यास आसन करणाऱ्या स्पर्धकाइतकीच वर्षे लागतात.

मळवली आणि कामशेत : डोंगराची विद्या

मळवली स्थानकावर उतरून भाजे गावावरून लोहगडाकडे जाणारी वाट राज्यातील असंख्य गिर्यारोहकांची पहिली वाट ठरली आहे. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने १२ दुर्गांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. त्यांत लोहगड आहे. यापुढे येथे येणारा पाहुणा केवळ पावसाचे धबधबे पाहण्यासाठी येणार नाही. त्याला गडाचा इतिहास, वनस्पती, पाण्याची टाकी, वाटेतील धोके हे सारे समजावून सांगणारा माणूस हवा असेल. गडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या तरुणाला यातील निम्मे जन्मतःच ठाऊक असते. उरलेले निम्मे म्हणजे प्रथमोपचार, दोराचा वापर, गट सांभाळण्याची रीत आणि दुसऱ्या भाषेत नीट बोलता येणे. हे निम्मे शिकून घ्यावे लागते, आणि ते नसल्याने तो वाटाड्या म्हणून दिवसाची मजुरी घेतो, तर शहरातून आलेला प्रशिक्षित संयोजक त्याच वाटेवर गटप्रमुख म्हणून मानधन घेतो.

हे शिक्षण देणाऱ्या संस्था देशात आहेत. एव्हरेस्टवरील १९५३ च्या विजयानंतर पुढच्याच वर्षी दार्जिलिंग येथे हिमालयीन गिर्यारोहण संस्था उभी राहिली आणि तेनसिंग नोर्गे तेथे क्षेत्रीय प्रशिक्षणाचे प्रमुख झाले. ओझे वाहणारा हमाल म्हणून सुरुवात केलेल्या माणसाचे पुढील आयुष्य शिक्षक म्हणून गेले. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ ची. दोन्ही ठिकाणी सुमारे चार आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम, त्यानंतर प्रगत अभ्यासक्रम, आणि त्याहून पुढे प्रशिक्षकांसाठी व शोध-बचाव कार्यासाठी स्वतंत्र अभ्यासक्रम अशी पायरी आहे. खासगी अभ्यासक्रमांच्या मानाने या संस्थांचे शुल्क बेताचे असते. मात्र प्रवेशासाठी बराच आधी अर्ज करावा लागतो, आणि ही साधी माहिती वेळेवर न मिळाल्याने ग्रामीण मुलांचे एकेक वर्ष वाया जाते.

शोध-बचाव कार्याची गरज मावळाला पटवून देण्याची आवश्यकता नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. अशा प्रसंगी पोलिसांच्या बरोबरीने पाण्यात व दरीत उतरतात ते ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांचे स्थानिक कार्यकर्ते. हे काम ते स्वयंसेवा म्हणून करतात आणि त्याचे मोल पैशांत होणार नाही. परंतु त्यांच्यासारखे कौशल्य अंगी असलेला तरुण साहसी शिबिरांत, विद्यार्थ्यांच्या सहलींत किंवा गिर्यारोहण संस्थांत सुरक्षा-प्रमुख म्हणून काम करू शकतो. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्य शासनाने साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. जमिनीवरील, पाण्यावरील व हवेतील साहसी उपक्रम चालविणाऱ्यांना त्यान्वये नोंदणी करावी लागते व सुरक्षिततेचे निकष पाळावे लागतात. नियम आला की प्रशिक्षित माणसाची मागणी वाढते. कोणत्याही ग्रामपंचायतीला आपल्या हद्दीतील शिबिरचालकाकडे नोंदणी आहे काय आणि त्याच्याकडील मार्गदर्शकांचे प्रशिक्षण कोठे झाले, असे विचारता येईल. त्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

कामशेतची कथा याहून थोडी वेगळी. तेथील टेकड्यांवर वाऱ्याचा प्रवाह अनुकूल असल्याने पावसाळा संपल्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत पॅराग्लायडिंगचे वर्ग चालतात. येथे उड्डाण शिकविणारा प्रशिक्षक, प्रवाशाला बरोबर घेऊन उडणारा चालक, वाऱ्याचा अंदाज घेऊन उड्डाणास परवानगी देणारा जाणकार व साधनांची तपासणी करणारा अशी निरनिराळी माणसे लागतात. ज्या गुराख्याला ढगाच्या आकारावरून दुपारचा वारा ओळखता येतो, त्याच्याकडे या विद्येचे बीज आहेच. मात्र हा हंगामी व्यवसाय आहे. वर्षातील चार महिने त्यात उत्पन्न नसते, हेही मुलांना सांगितले पाहिजे.

गहुंजे : मातीची परीक्षा

गहुंजे येथील महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे मैदान एप्रिल २०१२ मध्ये सुरू झाले. सुमारे ३७ हजार प्रेक्षक बसू शकतील एवढे ते मोठे आहे. २०२३ च्या विश्वचषक स्पर्धेचे पाच सामने येथे झाले. सामन्याच्या दिवशी फाटकावर उभे राहण्याचे, गाड्या लावून घेण्याचे, खाद्यपदार्थ विकण्याचे काम पंचक्रोशीतील तरुणांना मिळते. ते वाईट नव्हे. पण ते वर्षातून मोजक्याच दिवसांचे. वर्षभराचे आणि बुद्धीला आव्हान देणारे काम मैदानाच्या मधोमध, २२ यार्ड लांब व १० फूट रुंद अशा पट्टीवर चालते.

त्याचे महत्त्व कळण्यासाठी दोन सामने आठवावेत. फेब्रुवारी २०१७ मध्ये येथे झालेल्या पहिल्या कसोटी सामन्यात भारताचे दोन डाव १०५ व १०७ धावांत आटोपले. ऑस्ट्रेलियाने तिसऱ्या दिवशीच ३३३ धावांनी विजय मिळविला आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या सामनाधिकाऱ्याने खेळपट्टीला ‘निकृष्ट’ असा शेरा दिला. त्याच मैदानावर ऑक्टोबर २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भारताने ५ बाद ६०१ धावांवर डाव घोषित केला, विराट कोहली २५४ धावांवर नाबाद राहिला आणि भारताने डावाने विजय मिळविला. मैदान तेच, हवा तीच. फरक पडला तो प्रामुख्याने पट्टीच्या तयारीत.

खेळपट्टी ही वस्तुतः शेतीशास्त्राची शाखा आहे. मातीत चिकण अंश किती, हे प्रथम पाहावे लागते. काळ्या मातीत तो अधिक असल्याने ती पाणी धरते आणि सुकताना भेगाळते. तांबड्या मातीवर चेंडू साधारणतः अधिक उसळतो. थरावर थर दाबून पट्टी बांधतात, तिला खोलवर पाणी देतात, मग निरनिराळ्या वजनाचे रोलर फिरवून ती घट्ट करतात. रोलर एक दिवस लवकर फिरला तर वरचा थर चिकटून निघतो, एक दिवस उशिरा फिरला तर माती दबत नाही. गवत किती मिलिमीटर ठेवायचे यावर वेगवान गोलंदाजाचे नशीब अवलंबून असते. भातखाचरात चिखलणी कधी करावी, हे ज्या मावळी शेतकऱ्याला पायाच्या स्पर्शाने समजते, त्याच्या मुलास ही भाषा परकी वाटू नये. इंद्रायणी भाताचे वाण ज्या वडगावच्या कृषी संशोधन केंद्रात तयार झाले, ते केंद्र येथून दूर नाही. तळेगावच्या पुष्प उद्यानामुळे ठिबक सिंचन व खत-पाण्याचे मोजमाप जाणणारे कामगारही या भागात तयार झाले आहेत. कृषी पदविका किंवा पदवी घेतलेल्या मुलास हिरवळ व खेळपट्टी-निगेचे काम हे स्वतंत्र क्षेत्र आहे, असे कोणी सांगत नाही, एवढेच. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने खेळपट्टी-तज्ज्ञांसाठी प्रशिक्षण व परीक्षांची पद्धत घातलेली आहे. तिचा मार्ग राज्य संघटनेतून जातो. शिवाय फुटबॉल, हॉकी, गोल्फ यांची मैदाने आणि शाळा-महाविद्यालयांची क्रीडांगणे यांनाही हिरवळ राखणारा माणूस हवाच असतो.

याच मैदानाने आणखी एक धडा दिला आहे. एप्रिल २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मैदानाच्या निगेसाठी पवना नदीचे पाणी वापरण्यास संघटनेला मनाई केली. पवनेचे पाणी हा मावळात किती नाजूक विषय आहे, हे येथील पंचायत सदस्यांना सांगावयास नको. तेव्हा यापुढील मैदान-व्यवस्थापकास माती व गवताबरोबर पाण्याचा हिशेब, सांडपाण्याचा पुनर्वापर आणि पावसाच्या पाण्याची साठवण हेही शिकावे लागेल. गावाच्या पाण्याशी भांडण मांडून कोणतेही मैदान फार काळ हिरवे राहणार नाही.

मैदानाच्या कडेला बसून गुण लिहिणारा गुणलेखक व मैदानात उभा राहणारा पंच यांची दारेही परीक्षेने उघडतात. नवी मुंबईच्या वृंदा राठी या विद्यापीठ स्तरावर खेळल्या, नंतर परीक्षा देऊन गुणलेखक झाल्या, आणि २०१३ च्या महिला विश्वचषकात गुणलेखन करीत असताना न्यूझीलंडच्या महिला पंच कॅथी क्रॉस यांना पाहून त्यांनी पंचाची वाट धरली. जानेवारी २०२३ मध्ये रणजी करंडक सामन्यांत पंच म्हणून उभ्या राहिलेल्या पहिल्या तीन महिलांत त्या होत्या. दहावीनंतर मैदानापासून दुरावणाऱ्या मुलींच्या पालकांना हे उदाहरण अवश्य सांगावे. कबड्डी व खो-खोच्या संघटनाही पंचपरीक्षा घेतात. पंचाचे मानधन सुरुवातीस तुटपुंजे असते आणि बहुतेक पंच दुसरी नोकरी सांभाळूनच हे काम करतात. तथापि शिक्षकाच्या किंवा ग्रामसेवकाच्या नोकरीशी ते चांगले जुळते, आणि पंचाचे वय खेळाडूपेक्षा पुष्कळ लांब चालते.

तालुक्याच्या सीमेपलीकडे

गहुंज्याहून थोड्याच अंतरावर, तालुक्याबाहेर, म्हाळुंगे-बालेवाडी येथे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल आहे. राज्याचे आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ स्थापण्याचा कायदा २०२० मध्ये झाला व त्यासाठी हेच ठिकाण निवडले गेले. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथे ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळविले, ते येथील सरावाच्या बळावर. त्याच्या मार्गदर्शक दीपाली देशपांडे या स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळल्या होत्या. त्यांना तेथे पदक मिळाले नव्हते. २० वर्षांनी त्यांच्या शिष्याला ते मिळाले आणि २०२४ चा द्रोणाचार्य पुरस्कार त्यांच्याकडे आला.

मार्गदर्शकाचे हे काम मावळाला नवे नाही. गावच्या तालमीतील वस्ताद पिढ्यान्‌पिढ्या तेच करीत आला आहे. फक्त त्याला कोणी पगार दिला नाही आणि त्याच्याकडे प्रमाणपत्र नाही. आजच्या मार्गदर्शकाला मात्र ते लागते. पतियाळा येथे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची क्रीडा-मार्गदर्शनाची पदविका त्यासाठी देशभर प्रमाण मानली जाते. पदवी आणि स्पर्धांतील सहभाग या दोन्ही गोष्टी तेथे प्रवेशासाठी पाहिल्या जातात, म्हणून खेळापायी महाविद्यालय सोडणाऱ्या मुलाची ही वाट आपोआप बंद होते. भौतिकोपचार, आहारशास्त्र व क्रीडा-मानसशास्त्र यांचा मार्ग तर बारावीच्या विषयनिवडीपासूनच ठरतो.

शाळा आणि पंचायत

शालेय क्रीडा स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा चढत्या क्रमाने होतात. त्यांकडे अनेक शाळा दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांपुरतेच पाहतात. प्रमाणपत्र गुणांसाठी मंडळाकडे गेले, की त्याची प्रत ठेवण्याचे भान राहत नाही. आणि पुढे नोकरीच्या वेळी पडताळणीसाठी तेच प्रमाणपत्र शोधताना तरुणाची धावपळ होते. शाळेने प्रत्येक स्पर्धेची नोंदवही, संघयादी व प्रमाणपत्रांच्या प्रती जपल्या, तर त्यास फारसा खर्च येत नाही. त्याच स्पर्धांत जो विद्यार्थी संघात निवडला गेला नाही, त्याच्या हाती गुणपत्रक, घड्याळ किंवा शिट्टी द्यावी. नववीतील मुलीने तीन वर्षे कबड्डीचे गुणपत्रक बिनचूक लिहिले, तर पंचपरीक्षेचा निम्मा अभ्यास तिने केलेला असतो.

ग्रामपंचायतींसाठी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत व्यायामशाळा विकास व क्रीडांगण विकास यांची अनुदाने उपलब्ध असतात. प्रस्तावात साहित्याची यादी लांबलचक असते. ते साहित्य शिकविणार कोण, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. परिणामी काही ठिकाणी व्यायामशाळेची किल्ली सरपंचांच्या घरी आणि साहित्यावर धूळ, असे दृश्य दिसते. गावातील एखादा माजी कुस्तीगीर किंवा शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन घरी बसलेला तरुण यांच्याशी आधी बोलून, त्याच्या वेळेचे व मानधनाचे ठरवून, मगच प्रस्ताव वडगावला पाठवावा. मानधनासाठी ग्रामनिधीतून किंवा वर्गणीतून काय निघू शकेल, हे ग्रामसभेत ठरविता येते. साहित्याची यादी त्याच तरुणाकडून करून घेतली, तर ती आखूडही होईल.